हडपसरहून आलेलं गाठोडं

पहाटे साडेपाच

फाल्गुनात खुटबावला उठल्यावर माझं पहिलं काम म्हणजे वारा कुठून आहे ते बघणं. आसपासची गुऱ्हाळं पेटलेली असतात, चुलवणात चिपाडं धडधडत असतात आणि त्यांची काजळी नेमकी वाळत घातलेल्या कापडावर येऊन बसते. तो काळा कण फुंकून उडवला तर उडतो. बोटाने पुसला तर रेघ उमटते, ती मग कशानेच जात नाही. आज धूर गावाबाहेर चालला होता. म्हणजे दुपारपर्यंत गच्ची आपली.

पाणी, चहा, डेअरीला दूध हे रोजचंच. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सात

गाठोडं सोडलं. काल हडपसरच्या एक बाई डेमूने येऊन ते ठेवून गेल्या. २०१७ साली पुणे-दौंड डेमू सुरू झाल्यापासून अशी गाठोडी वाढली आहेत. पूर्वी गावातलं कापड शिवायला शहरात जायचं, आता शहरातलं इकडे येतं.

आत दोन गोष्टी. एक अर्धी शिवलेली गोधडी, आणि तिच्यासाठी जमवलेले सुटे तुकडे, उशीच्या जुन्या अभ्र्यात कोंबलेले. गोधडी त्यांच्या आजेसासूबाईंची. त्या गेल्या, गोधडी पत्र्याच्या पेटीत राहिली, घर आवरताना परवा निघाली. "काकू, एवढी पूर्ण करून द्या. नातीला द्यायचीय," असं म्हणून बाई पुढच्या गाडीला पळाल्या.

आमच्याकडे गोधडी कडेपासून आत शिवत नेतात. चारी बाजूंनी धावदोऱ्याची एक फेरी, तिच्या आत बोटभर अंतरावर दुसरी, असं करत मध्यावर येऊन दोरा संपवायचा. त्यामुळे अर्धवट राहिलेल्या गोधडीची चौकट पक्की असते आणि मधले थर एकमेकांवर नुसते पडलेले असतात. हिची वीतभर रुंदीची चौकट झाली होती.

बाईंनी ती आणण्याआधी वॉशिंग मशिनला लावली. हेतू चांगलाच. पण खालचं अस्तर होतं कोऱ्या मांजरपाटाचं, त्याला कधी पाणी लागलेलं नव्हतं. वरची लुगडी वर्षानुवर्षं धुतलेली, त्यांचं जे आटायचं ते कधीच आटून झालेलं. मशिनमध्ये मांजरपाट आटलं, लुगडी होती तेवढीच राहिली आणि सगळ्या चौकटीला चुण्या पडल्या. भरीला एका जांभळ्या तुकड्याने शेजारच्या पांढऱ्यावर रंग सोडला. सुटे तुकडे मात्र अभ्र्यातच राहिले म्हणून वाचले.

साडेनऊ

गच्चीवर चादर अंथरून तुकडे मांडले. जुनं रंगीत कापड दिवसभर उन्हात ठेवायचं नसतं, रंग उडतो आणि सूतही कमजोर होतं. पेटीतला कुबट वास जायला तासभराचं कोवळं ऊन आणि वारा पुरतो.

चौकटीच्या शेवटच्या फेरीत सुई सापडली. टोचलेली, अर्धा टाका घातलेली, दोरा तसाच. आधीच गंजलेली होती, मशिनच्या पाण्याने गंज आणखी पसरून भोवती रुपयाएवढा तपकिरी डाग. अशी सुई सरळ ओढायची नाही. गंज सुताला धरून बसलेला असतो, सुईबरोबर कापडही येतं. चिमट्यात धरून जागच्या जागी थोडी थोडी फिरवायची, सुटली की मग बाहेर घ्यायची. डागावर लिंबू आणि मीठ लावून उन्हात ठेवलं तर तो फिका होतो, पण गंजाने खाल्लेलं सूत परत येत नाही. तेवढा भाग मी खडूने खूण करून बाद केला.

बाईंना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, "सुई ठेवा हं काकू, फ्रेम करीन." ठेवली कागदात गुंडाळून. मी असते तर टाकली असती. लहान मुलांच्या घरात गंजकी सुई कशाला?

अकरा

आता खरं काम. प्रत्येक तुकडा उजेडासमोर धरायचा, मग दोन्ही अंगठ्यांमध्ये पकडून उभ्या धाग्यात आणि आडव्या धाग्यात ताणायचा. चांगलं कापड ताण घेऊन परत येतं. गेलेलं कापड बारीक चर्र आवाज करतं, मग त्याचा कितीही लोभ असला तरी ते वरच्या थराला चालत नाही.

लुगडं सगळीकडे सारखं झिजत नाही. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड; त्यात बसण्याचा भाग आणि कासोट्याकडचा भाग आधी विरतो, निऱ्यांचा भाग बराच टिकतो. म्हणून बायका मधला विरलेला भाग काढून दोन धड तुकडे जोडायच्या, लुगड्याला दंड घालायच्या. या गाठोड्यातल्या एका हिरव्या तुकड्यावर असा दंड निघाला. दोन्ही कडा आत दुमडून हाताने घातलेली शिवण, इतकी चपटी की बोट फिरवल्याशिवाय कळत नाही. म्हणजे हे कापड गोधडीत येण्याआधीच एकदा फाटून, कापून, जुळून आलेलं. 'आजीच्या कापडाला कात्री लावू नका' म्हणणाऱ्यांना मी असा दंड दाखवते. आजीनेच लावली होती.

काळी चंद्रकळा हाताला लागताच फाटली. जुन्या काळ्या कापडाचं हे नेहमीचं आहे. सुताला स्वस्तात पक्का काळा रंग द्यायला गंधकाचे रंग वापरत, आणि पेटीत दमट हवेत वर्षानुवर्षं पडलं की त्या गंधकाचं हळूहळू आम्ल होऊन ते सूत खातं. लाल, पांढरं धड आणि काळं तेवढं कुजलेलं, असं कित्येक गोधड्यांत दिसतं. लोक उंदराला बोल लावतात.

इरकलीचा पदर वेगळ्या कारणाने अवघड. तिचं अंग सुती, पदर रेशमी, आणि दोन्ही मागावरच फासे घालून जोडलेले. त्या जोडावर ताण आला की पदर सुटतो. म्हणून जोडाच्या अलीकडे-पलीकडे कापायचं, जोड गोधडीच्या मध्ये येऊ द्यायचा नाही.

शंका असेल तिथे काडी. कडेचा एक धागा काढून पेटवायचा. सुती धागा कागदासारखा जळतो, राख फुंकरीने उडते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो. पॉलिस्टर आखडतं आणि टोकाला टणक मणी उरतो. इथे दोन तुकड्यांना मणी निघाले, शर्टाचं टेरिकॉट. ते वाईट नसतं, उलट मेलं मरतच नाही. पण मऊ जुन्या सुताशेजारी शिवलं की धुण्यागणिक सूत झिजत जातं आणि टेरिकॉट तसंच उभं राहतं. त्याच्या मी पिशव्या करते.

तळाशी पॉपलीनचा एक कोरा तुकडा निघाला. त्याच्या किनारीवर निळ्या शाईत इंग्रजी अक्षरं: सॅनफोराइज्ड. हे कापड गिरणीतच आटवून आणलंय, धुतल्यावर आखडणार नाही, एवढाच त्या शिक्क्याचा अर्थ. ही युक्ती १९३०च्या सुमारास अमेरिकेत निघाली आणि पुढे आपल्या गिरण्यांनीही घेतली. अस्तराला तोच शिक्केवाला तागा वापरला असता तर चुण्या पडल्या नसत्या. पण मांजरपाट स्वस्त, आणि गोधडीच्या खालच्या बाजूला चांगलं कापड घालण्याएवढी चैन कोणाकडे होती?

एक

भाकरी, पिठलं, कांदा. वीज गेली. हाताच्या शिवणाला तिची गरज नाही, इस्त्री तेवढी अडते.

अडीच

उन्हाच्या वेळी शेजारणी येतात. हे तुकडे बघून कोणी घरी जायला तयार होईना.

"आगं बया, ह्यो खण! माज्या आयच्या चोळीला आसाच हुता."

"सगळ्याच आयांना हुता तसा. गुळेदगुड्डचा खण गावोगाव यायचा."

पलीकडच्या म्हातारबाईंचे थोरले दीर मुंबईला गिरणीत होते. गावी येताना वजनावर घेतलेले छापील तुकडे आणायचे, ते सगळ्या भावकीत वाटले जायचे. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, दीर गावाकडे आले ते परत गेलेच नाहीत, आणि तुकडेही बंद झाले. "त्याच्या आदीची गोधडी कंची आन् नंतरची कंची, मी आंदारात हात लावून सांगंन," म्हातारबाई म्हणाल्या. यात थोडी बढाई आहे. पण थोडीच.

चौकट त्यांनी मांडीवर घेतली, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "हे दोन हातांचं काम हाय."

बघितलं तर खरंच. बाहेरच्या फेऱ्यांत टाका बारीक, एकसारखा, दोऱ्याच्या गाठी थरांच्या मध्ये लपवलेल्या. आतल्या फेऱ्यांत टाका लांब, आणि गाठी खालच्या बाजूला उघड्या.

"बारीक टाका सासूचा," एक म्हणाली.

"कशावरनं गं?"

"सुनंला कुटं आसतोय एवढा येळ!"

हसता हसता दोघींनी सुया मागितल्या. मी दिल्या नाहीत. तिसरा हात लागायला नको होता.

मी 'पूर्ण करून' का देत नाही, ते इथेच सांगते. एक तर नवा पक्का दोरा जुन्या विरलेल्या कापडात ओढला की कापड टाक्याटाक्याला कापलं जातं. गोधडी पूर्ण होते आणि दोन धुण्यांत जाते. दुसरं, माझा टाका त्यांच्या टाक्यापुढे चालवून ती आजेसासूबाईंची गोधडी म्हणून नातीला द्यायची, हे मला खोटं वाटतं. अमेरिकेत लोकांनी अर्धवट ठेवलेल्या क्विल्टचे जुने वरचे थर दुकानांतून विकायला असतात, आणि ते घेऊन पुरे करावेत की तसेच ठेवावेत यावर तिकडच्या बायकाही वाद घालतात. मला तिसरी वाट बरी वाटते. शिवलेलं आहे ते उसवायचं नाही, न शिवलेलं आहे ते मोकळेपणाने वापरायचं. गोधडी मुळातच दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेल्या कापडाची. ते आणखी एकदा कापलं म्हणून कोणाचा अपमान होत नाही. उसवला तर टाका जातो, आणि टाका दुसऱ्या कुठल्या कापडातून मिळत नाही.

चार

दोऱ्यासाठी केडगावला. पुढचंच स्टेशन. जुन्या कापडाला सुतीच दोरा लागतो, तोही जरा सैल पिळाचा. ताण आलाच तर दोरा तुटावा, कापड फाटू नये. दुकानदार दर वेळी नायलॉनचा पुढे करतो, "ताई, आयुष्यात तुटणार नाही." तेच तर नको असतं.

पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन इथलंच. १८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी पोरक्या मुली आणि विधवा इथे आणल्या. त्यांना लिहावाचायला, विणकाम, शिवण, छपाई शिकवली. गोधडीवर लिहिणारे तिला नेहमी आईच्या मायेत गुंडाळतात. सुईवर पोट भरणाऱ्या बायका त्या लिहिण्यात क्वचितच येतात. गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर इंग्रजीत सचित्र पुस्तक केलं, २०१३ साली. शिवणारीने काय विचार करून कुठला तुकडा कुठे लावला, ते त्यात निगुतीने पाहिलंय. असं मराठीत आणखी यायला हवं.

साडेसहा

बाईंना फोन. मी काय करणार ते सांगितलं. चुणीदार चौकटीच्या ज्या दोन बाजू धड आहेत, बाहेर बारीक टाका आणि आत लांब टाका, त्यांच्या पट्ट्या शिवणीसकट काढायच्या. कापलेल्या कडांना गोट. सुट्या तुकड्यांतले हिरवं दंडाचं, खण, पॉपलीन आणि लाल सुती घेऊन नातीसाठी लहान गोधडी, दोन कडांना त्या पट्ट्या. अस्तर नवं, पण दोनदा धुऊन, खळ काढून घेतलेलं. विरलेलं पांढरं आतल्या थरात. कुजलेली चंद्रकळा कुठेच नाही, आतसुद्धा नाही, कारण तिचं आम्ल शेजारच्या सुतालाही लागतं.

पलीकडे शांतता. मग, "म्हणजे काकू, ती पूर्ण होणारच नाही?"

"ती नाही. तिच्यातली एक होईल."

थोडा वेळ घासाघीस झाली, मजुरीवरही झाली. हाताच्या कामाचे पैसे सांगितले की समोरून मॉलमधल्या ब्लँकेटची किंमत येते, हे ठरलेलं. शेवटी त्या तयार झाल्या. चंद्रकळेचा हातरुमालाएवढा तुकडा मात्र परत मागितला. तो देईन, सुईबरोबर.

रात्री साडेआठ

स्वयंपाक उरकून जमिनीवर अस्तर ताणलं, चारी कोपऱ्यांवर पाटे-वरवंटे ठेवले आणि तुकडे टाचायला घेतले. आज टाचणच. शिवण उद्यापासून, दिवसाच्या उजेडात. रोज दोन-तीन फेऱ्या झाल्या तरी चैत्र उजाडेल.

तुमच्या घरी पेटीत अशी अर्धी गोधडी असेल, तर कोणाकडेही देण्याआधी एवढं करा. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसासमोर ती पसरा, कुठला तुकडा कोणाचा ते कागदावर लिहून घ्या, डांबरगोळ्या काढून टाका आणि तासभर वारा द्या. सुई दिसली तर ओढू नका. आणि धुऊन आणू नका. धुवायचं की नाही आणि कसं, ते शिवणारीला ठरवू द्या.