कमोडची सीट हलते आहे? वेळीच बदला!



पिकावरची कीड आपण पान उलटून पाहतो. पण घरचा संडास तुंबल्याशिवाय तिकडे आपले लक्ष जात नाही. 2000 साली महाराष्ट्रात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले आणि गावोगावी संडास उभे राहू लागले. ते बहुतेक उकिडवे बसण्याचे. परंतु ज्यांनी उभा जन्म भाताच्या रोपलागणीत आणि उसाच्या भांगलणीत वाकून काढला, त्यांचे गुडघे साठीनंतर साथ देत नाहीत. म्हणून आता कोल्हापूरकडच्या खेड्यांतही पुष्कळ घरी कमोड आला आहे.

कमोडचे चिनी मातीचे भांडे वर्षानुवर्षे टिकते. आधी झिजते ती वरची प्लॅस्टिकची सीट आणि तिचे बिजागर. बोल्ट सैल झाला की सीट बाजूला सरकते. तरुण माणूस सावरून घेतो. आजीचा मात्र तोल जातो. उतारवयात खुब्याचे हाड मोडले तर माणूस अंथरुणाला खिळतो. शिवाय ही तक्रार म्हातारी माणसे लाजेने सांगत नाहीत. तेव्हा घरातल्या कर्त्या माणसाने महिन्यातून एकदा सीट स्वतः हलवून पाहावी. नुसती सैल असेल तर नट आवळावेत. तडा गेला असेल किंवा बिजागर मोडले असेल, तर सीट बदलावी.

मापे तीन

मोटरीचा वायसर आणताना आपण जुना वायसर खिशात घालून नेतो. तसेच येथेही अंदाजाने जाऊ नये. टेपने तीन मापे घ्यावीत.

1. भांड्याच्या मागील दोन भोकांमधील अंतर, मध्यापासून मध्यापर्यंत. हे बहुधा साडेपाच ते सहा इंच भरते.

2. त्या भोकांच्या रेषेपासून भांड्याच्या पुढच्या कडेपर्यंतची लांबी.

3. भांड्याची सर्वांत जास्त रुंदी.

भांड्याचा आकार गोल, लांबट किंवा चौकोनी असतो. म्हणून जुने वर्तमानपत्र भांड्यावर पसरून कडेचा खाका काढावा व तो दुकानात न्यावा. भोकांच्या खाली हात पोचतो की नाही, हेही पाहून ठेवावे. पोचत नसेल तर वरून आवळायचे बोल्ट लागतात. दुकानात हिला ‘सीट कव्हर’ म्हणतात. बोल्ट लोखंडी नकोत. ते गंजून धरतात. स्टीलचे किंवा प्लॅस्टिकचे घ्यावेत.

काढणे व बसवणे

बिजागरावरची टोपी उघडावी. बोल्टचे डोके स्क्रू ड्रायव्हरने धरून खालचा नट पान्याने सोडवावा. नट धरला असेल तर तेलाचे चार थेंब सोडून तासभर थांबावे. हातोडा मुळीच मारू नये. भांड्याला तडा गेला तर दहापट खर्च वाढेल. तरीही नट निघाला नाही, तर भांड्यावर फडके ठेवून बोल्ट लोखंड कापायच्या करवतीने कापावा.

जागा स्वच्छ धुऊन पुसावी. नवी सीट ठेवून बोल्ट घालावेत. रबरी वायसर विसरू नये. सीट भांड्याच्या मधोमध आणून दोन्ही नट आधी हाताने, मग पान्याने थोडेच आवळावेत. फार आवळल्यास भांडे फुटते. शेवटी सीट दोन्ही बाजूंना ढकलून पाहावी. ती हलता कामा नये. पुढे साफ करताना सीटवर अ‍ॅसिड टाकू नये. साबणाचे पाणी पुरते.

उंचीही पाहा

बसल्यावर म्हाताऱ्या माणसाची दोन्ही पावले जमिनीवर सपाट टेकली पाहिजेत. उठताना धरायला शेजारच्या भिंतीत लोखंडी दांडी पक्की बसवावी. नळाला किंवा टाकीला धरून उठण्याची सवय धोक्याची आहे.

हे काम अर्ध्या-पाऊण तासाचे आहे. उसाची पट्टी हाती येण्याची वाट पाहू नका. आजच घरच्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि त्यांनी ‘काही नाही’ म्हटले, तरी सीट हलवून पाहा.