विश्लेषण : विश्वातील ताऱ्यांचा ‘गळीत हंगाम’ का ओसरला? खोडदच्या दुर्बिणीने दिलेले उत्तर

डिसेंबर-जानेवारीच्या रात्री सांगलीजवळच्या माधवनगरमध्ये गच्चीवर उभे राहिले, की खाली उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची घरघर आणि वर मृग नक्षत्र असते. मृगाच्या पोटातील बाणाच्या तीन ताऱ्यांजवळ एक धुरकट ठिपका दिसतो. सुमारे 1300 प्रकाशवर्षे दूर असलेल्या या तेजोमेघात आजही नवे तारे जन्माला येत आहेत. मात्र आपल्या अख्ख्या आकाशगंगेचा हिशेब केला, तर वर्षाकाठी जेमतेम दोन-तीन सूर्य होतील एवढेच वस्तुमान नव्या ताऱ्यांत जाते. विश्वात एके काळी चित्र फार वेगळे होते.

हंगाम भरात कधी होता?

विश्वाचे वय 13.8 अब्ज वर्षे. प्रकाशाला प्रवासाला वेळ लागतो, म्हणून जितके दूर पाहावे तितका जुना काळ दिसतो. अशा दूरच्या दीर्घिका पाहून खगोलशास्त्रज्ञांनी ताऱ्यांच्या जन्मदराचा आलेख काढला. सुमारे 10 अब्ज वर्षांपूर्वी हा दर शिखरावर होता. पुढे तो घसरत गेला आणि आज साधारण दहाव्या हिश्शावर आला आहे. 4.6 अब्ज वर्षांचा आपला सूर्य म्हणजे हंगाम उतरणीला लागल्यानंतरचे उत्पादन!

घसरण माहीत होती, पण कारण?

हे समजून घ्यायला साखर कारखान्याचे गणित पुरेसे आहे. ऊस आला, रस निघाला, साखर झाली. दीर्घिकेत अणुरूप हायड्रोजन वायू म्हणजे ऊस. तो थंड आणि दाट होऊन रेणुरूप होतो, तो रस. त्या ढगांच्या आकुंचनातून तारे बनतात. गाळप मंदावले तर दोन शक्यता असतात : यंत्रणा बिघडली किंवा ऊस कमी पडला. (उपमा थोडी तोकडी आहे. मरणारे तारे काही वायू परतही करतात. साखरेचा पुन्हा ऊस होत नाही.)

पंचाईत अशी, की दूरच्या दीर्घिकांमधला हा ‘ऊस’ कुणी मोजलाच नव्हता. अणुरूप हायड्रोजन 21 सेंटिमीटर तरंगलांबीच्या रेडिओ लहरी सोडतो, पण अतिशय क्षीण.

खोडदमध्ये काय केले?

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळच्या खोडद येथे डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभारलेली जीएमआरटी ही दुर्बीण आहे. 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना, सुमारे 25 किलोमीटर परिसरात पसरलेल्या. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोल भौतिकी केंद्रातील आदित्य चौधुरी, निस्सीम काणेकर, जयराम चेंगलूर आणि बेंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेतील सहकाऱ्यांनी तिच्या अद्ययावत रूपातून सुमारे 100 तास निरीक्षण केले.

एकेकटी दीर्घिका दिसणे शक्यच नव्हते. म्हणून जागा आणि अंतर आधीच माहीत असलेल्या 7653 दीर्घिकांचे संकेत एकावर एक रचून सरासरी काढली. गोंगाट कुठे वर तर कुठे खाली असतो, त्यामुळे सरासरीत तो विरत जातो. खरा संकेत मात्र टिकून राहतो. तो मिळाला, आणि ऑक्टोबर 2020 मध्ये ‘नेचर’ने हा शोधनिबंध प्रसिद्ध केला. डॉ. स्वरूप यांचे निधन त्याच्या महिनाभर आधीच झाले होते.

8 अब्ज वर्षांपूर्वीच्या या दीर्घिकांमध्ये सरासरी सुमारे 1200 कोटी सूर्यांएवढा वायू निघाला. ऐकायला प्रचंड, पण त्यांचा तारे बनवण्याचा वेग पाहता हा साठा एक ते दोन अब्ज वर्षांतच संपणारा होता. म्हणजे अड्ड्यात ऊस होता, पण मागून तेवढ्या गाड्या येत नव्हत्या. बाहेरच्या अवकाशातून नवा वायू पुरेसा आला नाही आणि कारखाने ‘नो केन’कडे निघाले.

याच गटाने नंतर 510 तासांचे, 11 हजारांहून अधिक दीर्घिकांचे सर्वेक्षण केले. 2022 मध्ये मांडलेले त्याचे निष्कर्ष अधिक बोलके आहेत : 9 ते 8 अब्ज वर्षांपूर्वीच्या जेमतेम एक अब्ज वर्षांत दीर्घिकांमधला सरासरी वायू साधारण एक तृतीयांशावर आला होता.

तुमच्या फोनशी संबंध काय?

विश्वाच्या प्रसरणाने 21 सेंटिमीटरची ही लहर ताणली जाऊन आपल्यापर्यंत पोहोचते तेव्हा साधारण 42 सेंटिमीटरची झालेली असते. वारंवारिता येते 710 मेगाहर्ट्झच्या आसपास. भारतात 5जीसाठी वापरला जाणारा 700 मेगाहर्ट्झचा पट्टा नेमका इथलाच. आठ अब्ज वर्षे प्रवास करून आलेली कुजबुज मोबाइल टॉवरच्या आवाजात हरवू नये, म्हणून खोडद परिसरात रेडिओ शांतता जपावी लागते. पुणे-नाशिक रेल्वेमार्गाच्या आखणीतही हा मुद्दा आडवा आला होता.