चिलटांचे ताट

आळ्यात फळमाशी म्हटले, की शेतकऱ्याला काकडी-कारल्याची नासाडी करणारी माशी आणि मांडवात टांगलेले सापळे आठवतात. या लेखातली माशी ती नव्हे. फेकलेल्या टोमॅटोंवर, घरात काळ्या पडलेल्या केळ्यांवर घोंघावणारे, लाल डोळ्यांचे, जेमतेम ३ मिलिमीटरचे चिलट, म्हणजे ड्रॉसोफिला मेलानोगॅस्टर, हा आपला विषय. फळ आंबले की त्यावर यीस्ट वाढते. चिलटाची प्रथिने त्यातून येतात.

या चिलटाचा आपल्या पोषणाशी संबंध काय? पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने कमी होती. चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. आईच्या ताटाचा माग मुलांच्या मधुमेहापर्यंत काढायचा, तर संशोधकाची उमेदीची वर्षे त्यातच जातात. आजीपासून नातीपर्यंत जायचे तर अर्धे शतक हवे.

चिलटाला २५ अंश तापमानात अंड्यापासून माशी व्हायला सुमारे १० दिवस लागतात. महिन्याभरात नात हाती येते. शिवाय प्रत्येकीचे ताट संशोधकच वाढतो: काचेच्या नळीत मक्याचे पीठ, साखर किंवा गूळ, यीस्ट आणि अगार. माणसाला असे वर्षानुवर्षे मोजून जेवू घालता येत नाही.

या नळ्यांतून एक मोलाची गोष्ट कळली. कमी खाल्ले की आयुष्य वाढते, याचे श्रेय पूर्वी उष्मांकांना दिले जाई. लंडनमधील लिंडा पार्ट्रिज यांच्या गटाने २००५ मध्ये दाखवले, की तेवढेच उष्मांक साखरेतून कमी करण्यापेक्षा यीस्टमधून कमी केले, तर माश्या कितीतरी जास्त जगतात. २००८ च्या एका प्रयोगात १ भाग प्रथिनांना १६ भाग कर्बोदके या आहारावर माश्या सर्वाधिक जगल्या. आयुष्यभरात सर्वाधिक अंडी मात्र १ ला ४ या प्रमाणावर घातली गेली. दीर्घायुष्याचे ताट आणि लेकुरवाळीचे ताट एक नव्हते.

म्हणून आपण वरण कमी करावे काय? मुळीच नाही. चिलटातही इन्सुलिनसारखी प्रथिने आहेत आणि अतिसाखरेने त्याच्या अळ्यांची इन्सुलिनला दाद देण्याची क्षमता घटते, इथवर नाते खरे. पण त्याला स्वादुपिंड नाही, आणि कोलेस्टेरॉल ते स्वतः बनवू शकत नाही. पुण्याच्या अभ्यासात तर आईच्या रक्तातील बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता महत्त्वाची ठरली. चिलटाला ते जीवनसत्त्व लागतच नाही.

तेव्हा चिलटाला विचारायचे ते यंत्रणेबद्दल: कोणता घटक कोणती कळ दाबतो? ताटात काय वाढावे, याचे उत्तर अखेर गावातल्या आयांकडूनच, त्यांच्या घरी वर्षानुवर्षे जाऊन मिळवावे लागते.