संगणकापुढची रांग

श्रोतेहो, मुरबाडकडची एखादी एकशिक्षकी शाळा डोळ्यांपुढे आणा. गुरुजी एक, वर्ग चार. पहिलीला अक्षरे गिरवायला द्यायची, दुसरीला पाढे, तिसरीला गणित, आणि मग वळायचे चौथीकडे. मुले पाटीवर गुंतलेली असतात तोवर गुरुजींना दुसऱ्या वर्गाकडे पाहता येते. प्रत्येक वर्गाला वाटते, गुरुजी आपलेच!

एका संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची युक्ती नेमकी अशीच आहे. तिला कालविभाजन म्हणतात. अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो यांनी १९६१ साली ती करून दाखवली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ‘टिफ्रॅक’ हा देशी संगणक १९६० साली सुरू झाला, पण त्यावर एका वेळी एकाचेच काम चाले. कालविभाजनाचा डेक-१० संगणक तिथे आला तो पुढे सत्तरच्या दशकात.

आता प्रश्न असा, की एक गुरुजी किती मुलांना पुरे पडतील? अंदाजाने बोलण्यापेक्षा मोजून पाहावे, असे एमआयटीतल्याच ॲलन शेर यांनी ठरवले. १९६५ सालच्या प्रबंधात त्यांनी ही मोजणी मांडली. उत्तर वाचून पुढचा हुकूम देईपर्यंत माणूस किती वेळ घेतो? सरासरी सुमारे ३५ सेकंद. त्या हुकुमासाठी यंत्राला प्रत्यक्ष काम किती? जेमतेम ०.८८ सेकंद. म्हणजे विचार माणसाचा लांब, काम यंत्राचे आखूड. म्हणून तर एक यंत्र अनेकांना पुरते!

तिसरी मोजणी होती प्रोग्रॅमच्या आकाराची. ती कशाला, असे तुम्ही विचाराल. त्या यंत्राच्या स्मृतीत एका वेळी एकाच माणसाचा प्रोग्रॅम मावे. दुसऱ्याची पाळी आली की पहिल्याचे सामान बाहेर ठेवायचे आणि दुसऱ्याचे आत आणायचे. गुरुजींनी वर्ग बदलताना टेबलावरच्या वह्या उचलाव्यात, तसेच. वह्यांचा गठ्ठा जितका मोठा, तितका उचलण्यातच वेळ जातो. शिकवणे बाजूलाच राहते.

आता कागद-पेन्सिल घ्या. ही उचलठेव सध्या सोडून देऊ. समजा ६० माणसे बसली आहेत आणि यंत्राला क्षणाची उसंत नाही. सगळ्यांची एकेक पाळी व्हायला ६० गुणिले ०.८८, म्हणजे सुमारे ५३ सेकंद लागतील. त्यातले ३५ सेकंद माणूस स्वतःच विचारात घालवतो. उरलेले १८ सेकंद त्याने नुसते वाट पाहायची. माणसे ८० झाली तर? पाळी ७० सेकंदांनी येईल आणि वाट पाहणे ३५ सेकंदांवर जाईल. माणसे वाढली एकतृतीयांश, ताटकळणे मात्र जवळजवळ दुप्पट! चाळिसाच्या आसपासपर्यंत गाडे बरे चालते, पुढे प्रत्येक नवा माणूस सर्वांना थांबवतो. शिवाय उचलठेव धरली की ही मर्यादा आणखी अलीकडे येते.

हे जुने गणित आज कशाला? गेल्या वर्षी डोंबिवलीतल्या एका दुकानात मी एका विद्यार्थिनीचा प्रवेशअर्ज भरायला बसलो होतो. शेवटचा दिवस, संध्याकाळ. बटण दाबले, चक्र फिरत राहिले. ती बिचारी पुन्हा पुन्हा दाबू लागली. दुकानदार म्हणाला, “नेट वीक आहे.” पण शेजारच्या संगणकावर दुसरी पाने झटकन उघडत होती! रांग पलीकडे, अर्ज घेणाऱ्या यंत्रापुढे लागलेली असावी. आणि प्रत्येक जादा दाबणे म्हणजे त्याच रांगेत आणखी एक माणूस उभा करणे. मुदत वाढली म्हणून निभावले, नाहीतर पोरीचे वर्ष हुकले असते.

म्हणून शिक्षक मित्रहो, असे अर्ज भरताना घड्याळ जवळ ठेवा. बटण दाबल्यापासून उत्तर येईपर्यंतचे सेकंद सकाळी मोजा, दुपारी मोजा, शेवटच्या दिवशी मोजा आणि वहीत लिहा. “यंत्र हळू चालते” ही कुरकुर झाली. “सकाळी ४ सेकंद, संध्याकाळी ४०” असे लिहिले, तर तो पुरावा होतो. तो दाखवून जादा यंत्रे मागता येतात, मुदतही मागता येते. आणि मुलांना सांगा, अर्ज पहिल्याच आठवड्यात भरा. तेव्हा गुरुजींना उसंत असते!