अभिषेकाआधीचे स्नान

नरक चतुर्दशीच्या पहाटे, आकाशात चांदण्या असतानाच घराघरांतून पाणी तापू लागते. पाटाभोवती रांगोळी निघते, वाटीतले सुवासिक तेल कोमट होते आणि उटण्याचा गंध ओसरीपर्यंत दरवळतो. हे अभ्यंगस्नान आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की, ते मुळात कोणाचे स्नान, हा प्रश्न सहसा मनात येत नाही. परंपरा सांगते ती कथा अशी : भगवान श्रीकृष्ण नरकासुराचा वध करून पहाटे परतले. अंगावर युद्धाची धूळ होती, रक्ताचे डाग होते. नंदाने त्यांना मंगलस्नान घातले आणि स्त्रियांनी दिवे लावून ओवाळले. म्हणजे, वाचकहो, दिवाळीचे पहिले स्नान हे रणांगणावरून घरी परतलेल्या योद्ध्याचे स्नान आहे. आपण सारे वर्षानुवर्षे त्याच्या पाटावर बसतो आहोत. तो स्वतः जेव्हा दारी येतो, तेव्हा आपण त्याला काय देतो, एवढाच आजच्या निरूपणाचा विषय आहे.

आमच्या पंचवटीत श्रीरामाच्या वनवासाची कथा लहान मुलालाही ठाऊक असते. परंतु त्याच्या परतीच्या कथेतील एक धागा विद्वानांच्याही नजरेतून निसटतो. युद्धकांडात रावणवध झाल्यावर बिभीषण हात जोडून रामापुढे येतो. चौदा वर्षांचा वनवास आणि एवढे घोर युद्ध संपवून उभ्या असलेल्या त्या पुरुषाला तो काय देऊ करतो? राज्य नव्हे, रत्नांच्या राशी नव्हेत. स्नानाची सिद्धता, अंगाला लावण्याची सुगंधी उटणी, वस्त्रे आणि अलंकार. त्यावर रामाचे उत्तर ऐकण्यासारखे आहे. तो म्हणतो, स्नानाचे आमंत्रण सुग्रीवादी वानरांना दे. माझ्यासाठी तिकडे भरत कष्ट भोगतो आहे. त्याच्यावाचून मला ना स्नान गोड लागेल, ना वस्त्रे. श्रमलेल्या सैन्याला आधी आणि मला मागाहून, हा त्या उत्तराचा सरळ अर्थ.

हा धागा कवीने सोडून दिलेला नाही. पुढे नंदिग्रामात बंधूंची भेट होते. सारी अयोध्या राज्याभिषेकासाठी आतुर झालेली असते. परंतु अभिषेकाचे कलश येण्याआधी शत्रुघ्नाच्या सांगण्यावरून नापित येतात. वाल्मीकींनी त्यांचेही वर्णन केले आहे : ते कुशल आहेत, हलक्या हाताचे आहेत आणि काम झटपट करणारे आहेत. आधी भरताचे स्नान होते, मग लक्ष्मणाचे, मग सुग्रीवाचे आणि बिभीषणाचे. सर्वांच्या शेवटी राम आपल्या जटा उतरवतो आणि स्नान करतो. लंकेत दिलेला शब्द असा पाळला जातो. इकडे वानरांच्या स्त्रियांना नटविण्याचे काम कौसल्या स्वतः करते. राजमाता असून ती हे काम दासींवर सोपवीत नाही. एवढे सर्व झाल्यावर मग रथ, मग नगरप्रवेश, मग सिंहासन. आधी गरम पाणी, मागून गौरव, हा रामायणाने घालून दिलेला क्रम आहे.

हे निरूपण मी चाळीस वर्षे करीत आलो, आणि तरीही तो क्रम एकदा माझ्याच हातून उलटा झाला. ते आज येथे सांगणे मला प्राप्त आहे.

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या दिवसांत आमच्या गल्लीतील एक तरुण लडाखमधील उंचावरच्या चौकीवरून रजेवर येणार असल्याचे कळले. माझी कीर्तने चालू होती. मंडळींनी कल्पना काढली की, त्याचा सत्कार कीर्तनातच करावा. मला ती मनापासून आवडली. दोन रात्री आगगाडीत काढून तो नाशिकरोडला उतरला. आमचे कार्यकर्ते हार घेऊन फलाटावर हजर होते. त्यांनी त्याला घरी न नेता थेट मंडपात आणले. मंडपात पादत्राणे चालत नाहीत, म्हणून त्याने बूट काढले. मोजे भिजून कडक झालेले होते, टाचा भेगाळलेल्या होत्या. तो पोरगा अवघडून गेला. मी आख्यान सांगत होतो आणि तो व्यासपीठावर दोन तास ताठ बसून पाय सतरंजीच्या घडीखाली लपवीत होता. शाल झाली, श्रीफळ झाले, फळांची भली मोठी करंडी झाली, भाषणे झाली. आरतीनंतर त्याची आई नमस्काराला आली आणि हळूच म्हणाली, "बुवा, पाणी तीनदा तापवलं हो. तीनदा निवलं."

तिच्या स्वरात तक्रार नव्हती, म्हणून ते शब्द अधिक लागले. त्या रात्री मी सांगत होतो ती कथा रामाच्या परतीचीच होती. ओठांवर वाल्मीकी होते आणि समोर बसलेल्या वीराचे पाय मला दिसले नव्हते.

तेव्हापासून मी या विषयाचा विचार करीत आहे. परतणाऱ्या सैनिकाच्या बारीकसारीक गरजांकडे दुर्लक्ष झाले म्हणजे काय होते, याचा एक दाखला आमच्या गावापासून काही कोसांवरच आहे. देवळालीला इंग्रजांनी १८६१ मध्ये छावणी वसवली. हिंदुस्थानातील नोकरी संपलेले गोरे शिपाई तेथे मायदेशी जाण्याच्या वाटेवर मुक्कामाला येत. त्यांना नेणारी जहाजे नोव्हेंबर ते मार्च एवढ्याच काळात सुटत. ज्याची मुदत वसंतात संपे, त्याला पुढच्या हंगामापर्यंत तेथे नुसते थांबावे लागे. युद्ध संपलेले, काम नाही, विरंगुळा नाही, वर उन्हाळा आणि हिवताप. कित्येकांची मने त्या रिकामपणात ढासळली. इंग्रजांच्या बोलीत 'डूलाली' हा शब्द 'डोके फिरलेला' या अर्थाने रूढ झाला, तो या देवळालीवरूनच. जो रणात टिकला, तो परतीच्या वाटेवर खचला.

विचारपूर्वक दिलेल्या लहानशा भेटीचे उदाहरणही त्याच साम्राज्यात सापडते. पहिल्या महायुद्धात, १९१४ च्या नाताळासाठी, राजकन्या मेरी हिच्या नावाने लोकवर्गणी गोळा झाली आणि सैनिकांसाठी पितळी डब्या तयार झाल्या. धूम्रपान करणाऱ्यांना त्यातून तंबाखू आणि सिगारेटी मिळाल्या. न करणाऱ्यांसाठी लिहिण्याचे साहित्य आणि चघळण्याच्या वड्या होत्या. आघाडीवरील शिखांना तंबाखू निषिद्ध, म्हणून त्यांच्या भेटीत खडीसाखर आणि मसाल्यांची डबी होती. परक्या राजवटीविषयी आपले मत काहीही असो. देण्यापूर्वी 'घेणारा कोण आहे' हे कोणीतरी विचारले होते, एवढे मान्य करावे लागते.

आपल्या शास्त्रांनी हा प्रश्न फार पूर्वी विचारला आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी दानाचे तीन प्रकार सांगितले. जे द्यायलाच हवे म्हणून, परतफेडीची अपेक्षा न ठेवता, योग्य स्थळी, योग्य वेळी आणि योग्य व्यक्तीला दिले जाते, ते सात्त्विक. फळावर डोळा ठेवून किंवा कुरकुरत दिलेले राजस. अवेळी, अस्थानी, अनादराने दिलेले तामस. मी माझ्या त्या सत्काराला ही कसोटी लावून पाहिली. पात्र उत्तम होते; परंतु वेळ चुकली होती आणि स्थळही चुकले होते. मनाच्या कोपऱ्यात मंडपाच्या शोभेची अपेक्षाही होती. महाभारताच्या सभापर्वात नारद युधिष्ठिराला राज्याची खुशाली विचारतात. त्या लांबलचक प्रश्नमालिकेत दोन प्रश्न सैन्याविषयी असे आहेत : सैनिकांचे अन्न आणि वेतन ठरल्या वेळी देतोस ना, त्यात विलंब करीत नाहीस ना? आणि तुझ्यासाठी ज्यांनी प्राण वेचले, त्यांच्या स्त्रियांचा सांभाळ करतोस ना? दोन्ही प्रश्नांत वैभवाचा शब्द नाही. वेळ पाळणे आणि घराकडे पाहणे, एवढेच तेथे विचारले आहे.

आता प्रत्यक्ष कर्तव्याकडे वळू. अतिउंचावर भूक मंदावते, झोप तुटते, ओठ आणि टाचा फुटतात. १९८४ च्या एप्रिलपासून आपले जवान सियाचीनवर उभे आहेत. तेथील चौक्यांवर महिनोन्‌महिने स्नान घडत नाही. असा मनुष्य घरी येतो तेव्हा त्याला दहावी शाल नको असते. खोबरेल तेलाची बाटली, लोकरीच्या मोज्यांचा जोड, उटण्याची पुडी, चांगला साबण, नखे काढण्याचे साधन, मऊ पंचा, या दहा-वीस रुपयांपासून मिळणाऱ्या वस्तू त्याच्या खऱ्या उपयोगाच्या. रात्री-अपरात्री गाडीवरून उतरणाऱ्याला घरापर्यंत नेणारी रिक्षा हेही दान आहे. त्याच्या रजेचे मोजके दिवस सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी आणि दाखल्यांसाठी कचेरीत जाऊ नयेत, म्हणून त्याच्या आईवडिलांची ती कामे आधीच करून ठेवणे, हे तर वस्तूंहून मोठे दान. गावच्या एखाद्या केशकर्तनकाराने परतलेल्या जवानाचे काम विनामूल्य केले, तर नंदिग्रामातील त्या हलक्या हाताच्या नापितांच्या ओळीत तो जाऊन बसेल.

दूरच्या ठाण्यांवर परस्पर खोकी धाडू नयेत. काय हवे, किती हवे आणि कोणामार्फत द्यावे, हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारावे. ७ डिसेंबरचा ध्वजदिन १९४९ पासून पाळला जातो. त्या निधीतून युद्धात जायबंदी झालेल्यांचे पुनर्वसन होते आणि सैनिकांच्या व माजी सैनिकांच्या कुटुंबांना साह्य मिळते. दिवाळीच्या खर्चातील एक वाटा तिकडे वळवावा. परंतु निधी दिला म्हणून शेजारच्या दारातील बूट पाहण्याचे कर्तव्य संपत नाही.

पुढच्या वर्षी तो तरुण पुन्हा रजेवर आला. मी मंडळींना सांगितले, हार नको, फलाटावर कोणी जायचे नाही. त्याचा भाऊ जाईल. सकाळी उटण्याची पुडी आणि तेलाची छोटी बाटली घेऊन मी त्याच्या घरी गेलो आणि ओसरीवर बसून राहिलो. आत तांब्याचा आणि पाण्याचा आवाज येत होता. बऱ्याच वेळाने तो ओल्या केसांनी बाहेर आला, माझ्या शेजारी बसला आणि चहा घेता घेता सहज बोलू लागला : बर्फाविषयी, सोबत्यांविषयी, रात्रीच्या पहाऱ्याविषयी. आदल्या वर्षी व्यासपीठावर 'दोन शब्द' बोलण्याचा आग्रह झाला, तेव्हा त्याला एकही शब्द सुचला नव्हता.

यंदाच्या नरक चतुर्दशीला आपल्या गल्लीत, वाडीत, वस्तीवर कोणाचा मुलगा, कोणाची मुलगी सीमेवरून आली आहे का, याची आदल्या दिवशी चौकशी करावी. असेल तर त्या घरी तेल-उटणे पोहोचवावे, दारात दिवा लावावा आणि त्याचे न्हाणे होईपर्यंत ओसरीवर स्वस्थ बसावे. सत्काराला अख्खा कार्तिक महिना पडला आहे.