सारनाथचे सिंह आणि सोनेरी बाण

खिशातलं एखादं नाणं काढून बघा. त्यावरचे सिंह मूळचे कुठले, माहीत आहे? वाराणसीपासून जेमतेम १० किलोमीटरवर असलेल्या सारनाथचे! तिथे १९०५च्या उत्खननात सम्राट अशोकाच्या स्तंभाचा हा शिरोभाग सापडला आणि २६ जानेवारी १९५० रोजी तो आपलं राजचिन्ह झाला. हेच सिंह आपल्या हवाई दलाच्या मानचिन्हांवरही आहेत.

लढाऊ विमानांच्या प्रत्येक तुकडीचं, म्हणजे स्क्वाड्रनचं, स्वतःचं मानचिन्ह असतं. ते वरून खाली वाचायचं. सर्वात वर सिंह, म्हणजे देश. मधल्या गोलात त्या तुकडीची खास खूण. खालच्या पट्टीवर ब्रीदवाक्य. ही पद्धत ब्रिटिशांची, पण त्यांच्याकडे वर राजमुकुट असतो. आपण तिथे अशोकाचे सिंह आणले.

आता १७ क्रमांकाची तुकडी बघू. तिची ओळख सोनेरी बाण, म्हणून नाव 'गोल्डन अ‍ॅरोज'. १९५१ मध्ये अंबाल्यात ती उभी राहिली. कारगिल युद्धात, २७ मे १९९९ रोजी, याच तुकडीचे स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा संकटात सापडलेल्या सहकारी वैमानिकाचा शोध घेताना शहीद झाले. त्यांना मरणोत्तर वीरचक्र मिळालं. पुढे जुनी मिग-२१ विमानं निवृत्त होत गेली आणि २०१६ मध्ये तुकडीही थांबली.

मग २०२० मध्ये नवी कोरी राफेल विमानं आली. ती कुणाला द्यायची? नवं नाव शोधलं नाही. २०१९ मध्येच 'गोल्डन अ‍ॅरोज' पुन्हा उभी केली होती. राफेल तिच्याच हाती दिली. विमानं बदलली, माणसं बदलली, बाण तोच राहिला. मानचिन्ह नुसती शोभा नसते, ते असं: आधीच्यांनी कमावलेलं नाव नव्यांनी अंगावर घ्यायचं आणि सांभाळायचं.

ते सांभाळणाऱ्यांत वाराणसीची लेकही आहे. बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेल्या शिवांगी सिंह राफेल उडवणाऱ्या देशातल्या पहिल्या महिला वैमानिक. त्यांच्या तुकडीच्या बाणावर पहारा देणारे सिंह त्यांच्याच गावाशेजारचे!

वाराणसीला गेलात तर सारनाथचं संग्रहालय चुकवू नका. नाण्यावर तीनच सिंह दिसतात. चौथा कुठे आहे, ते मुलांनाच शोधू द्या.