छोट्या कुत्र्याचा शिधा आणि फेरफटका

गतवर्षी ज्येष्ठातल्या एका सकाळी आमच्या बंड्याला वार्षिक लस टोचून घेण्यासाठी पशुवैद्यांकडे नेले असता, दवाखान्यातल्या जमिनीलगतच्या वजनकाट्यावर त्याने चारही पाय टेकताच जो आकडा उमटला, तो वाचून मी आधी काट्याच्या सचोटीवरच संशय घेतला. साडेपाच किलोंचा म्हणून ज्याची मी चारचौघांत ओळख करून देत असे, तो आमचा पांढराशुभ्र, गोंडेदार शेपटीचा बंड्या आठ किलो दोनशे ग्रॅम भरला होता. डॉक्टरीणबाई वयाने माझ्या मुलीएवढ्या, त्यांनी त्याच्या दोन्ही कुशींवरून बोटे फिरवली, बरगडी काही हाती लागेना, तेव्हा मान वर करून एवढेच विचारले, "काका, ह्याला खायला कोण कोण घालतं?" 'काय घालता' असे न विचारता त्यांनी 'कोण कोण' विचारले, ह्यातच निदान आले.

घरी येऊन मी रीतसर जबान्या नोंदवल्या. आईने, वय वर्षे ८४, प्रथम साफ इन्कार केला आणि मग सकाळच्या चहाबरोबर चार ग्लुकोज बिस्किटे त्याला जातात हे कबूल केले. तेही "दोन त्याची आणि दोन माझ्या वाटची, मला साखर आहे ना," असा खुलासा जोडून. पत्नी दहाच्या सुमारास अर्धा कप दुधात एक पोळी कुस्करून घालीत होती. दुपारच्या पानावरून चमचाभर तूप लावलेला घास ज्याच्या हातून खाली जात होता, तो इसम मीच. डॉगफूडचे मापी दोन वेळचे जेवण अलाहिदा, आणि वास्तविक तेवढ्यानेच त्याच्या दिवसाची गरज पुरी होत होती. एका बिस्किटाच्या सुमारे २५ कॅलरी, पोळीच्या १००, दुधाच्या साठ-पासष्ट आणि तुपाच्या पंचेचाळीस धरल्या, तर ही वरकड आमदनी तीनशेच्या घरात जाते. आणि साडेपाच किलोंच्या, नसबंदी झालेल्या, घरात राहणाऱ्या प्रौढ कुत्र्याची अख्ख्या दिवसाची गरज मुळात साडेतीनशेच्या आसपास असते. माणसाची गरज दोन हजारांच्या वर धरली, तर आईने दिलेले प्रत्येक बिस्किट बंड्याच्या पोटात सहा बिस्किटांच्या तोलाचे ठरत होते, आणि दहाची ती एक पोळी म्हणजे आपल्यापैकी कुणी न्याहारीला सहा पोळ्या खाव्यात तसा प्रकार.

लहान कुत्र्याच्या बाबतीत आपल्याकडे जे समज रूढ आहेत त्यांचे मूळ, माझ्या मते, एकाच उलटापालटीत आहे : जीव लहान म्हणून त्याचा व्यायाम आपण माफ करतो आणि जीव लाडका म्हणून त्याचे अन्न वाढवतो, वस्तुतः लहानपणाची सवलत लागू होते ती अन्नाला, व्यायामाला नव्हे. पशुवैद्यक शास्त्रात विश्रांत अवस्थेतील ऊर्जेची गरज काढण्याचे एक सर्वमान्य सूत्र आहे. किलोंतल्या वजनाचा ०.७५ घात काढून त्यास ७० ने गुणावे. पाच किलोंच्या कुत्र्यास ह्या हिशेबाने २३४ कॅलरी लागतात आणि चाळीस किलोंच्या कुत्र्यास सुमारे १,११०. म्हणजे दर किलोमागे पाहिले तर लहान कुत्र्याची भूक मोठ्याच्या दीडपटीहून अधिक. 'लहान कुत्र्यांना खायला जास्त लागतं' ह्या लोकवादात जे अर्धे सत्य आहे ते एवढेच. उरलेले अर्धे असे, की पाच किलोंच्या पोटात चूक सामावून घेण्यास जागाच नसते. चाळीस किलोंच्या कुत्र्याने एक पोळी जास्त खाल्ली तर ती जमाखर्चात दिसतही नाही.

थोडे उपाशी ठेवणे म्हणजे निर्दयपणा, असे आई अजूनही मानते. पण अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर कुत्र्यांवर जन्मभर चाललेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात एकाच वेतातल्या दोन पिल्लांपैकी एकाला दुसऱ्याहून पाव हिस्सा कमी अन्न दिले जात असे, आणि कमी खाणारा गट दुसऱ्यापेक्षा सरासरीने पावणेदोन वर्षांहून अधिक काळ जास्त जगला. जात मोठी, तरी निष्कर्ष लहानांनी दुर्लक्षावा असा नाही.

येथे बंड्याच्या कुळाविषयी थोडे सांगणे प्राप्त आहे, कारण पुढचा गैरसमज कुळातूनच उगवतो. आपल्याकडे ज्याला सर्रास 'पॉमेरियन' म्हणतात तो बहुधा इंडियन स्पिट्झ असतो. अस्सल पॉमेरेनियन तीन-सव्वातीन किलोंपलीकडे जात नाही, आणि 'हम आपके हैं कौन' ह्या १९९४ सालच्या चित्रपटातल्या ज्या टफीमुळे घरोघरी पांढरी कुत्री आली, तो टफीही स्पिट्झच. पॉमेरेनियनदेखील जन्मजात मांडीवरचा नव्हे. त्याचे पूर्वज उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातले, कामकरी, आकाराने कितीतरी मोठे. १८८८ साली व्हिक्टोरिया राणीने फ्लॉरेन्सहून मार्को नावाचा लहानखुरा कुत्रा आणला आणि त्यानंतर इंग्लंडात ही जात आणखी आखूड करण्याची अहमहमिका लागली. यॉर्कशायर टेरियर उंदीर मारण्याच्या कामावर होता. डाक्सहुंडचे तर नावच जर्मन भाषेत बिज्जूवरून पडले आहे, कारण बिळात शिरून त्या जनावराशी दोन हात करणे ही त्याची नेमणूक. माणसाने ह्यांचे हाड लहान केले. स्वभावाला कात्री लावलेली नाही.

म्हणून 'लहान कुत्र्याला फिरवायला लागत नाही, घरातल्या घरात तो पुष्कळ हिंडतो' हे विधान, जे मी स्वतः चार वर्षे करीत आलो, ते मागे घेणे मला भाग आहे. प्रौढ, निरोगी छोट्या कुत्र्यास दिवसाकाठी साधारण अर्धा ते एक तास बाहेरचे चालणे लागते, आणि ते एकदम उरकण्यापेक्षा दोन-तीन खेपांत वाटलेले बरे. गॅलरी आणि दिवाणखाना ह्यांच्या दरम्यानच्या येरझाऱ्या त्यात धरता येत नाहीत, कारण कुत्रा रस्त्यावर जातो तो मुख्यतः नाकाने. प्रत्येक विजेच्या खांबापाशी, प्रत्येक स्कूटरच्या चाकापाशी बंड्या थांबतो, तेव्हा मी पूर्वी साखळीला हिसका देऊन "चल रे, काय घाण हुंगतोस" म्हणत असे. आता कळते की तो त्या वेळी मोहल्ल्याचे दफ्तर चाळीत असतो, काल रात्री येथून कोण गेले, नर की मादी, ओळखीचे की परके, आणि ह्या वाचनाला आपण मुभा दिली नाही तर तीच अस्वस्थता घरी येऊन दाराच्या बेलवर भुंकण्यात आणि चपलांचे पट्टे कुरतडण्यात फिटते. वीस मिनिटे त्याच्या मर्जीने हुंगू दिले की दुपारी घरात शांतता नांदते, हा माझा अनुभव कोणत्याही शास्त्राच्या दाखल्यावाचून मी पुढे ठेवतो.

मात्र ह्याच्या उलट टोकाचा समजही तितकाच चुकीचा : 'खाऊ दे, संध्याकाळी पळवू म्हणजे जिरेल'. सहा किलोंच्या आतला कुत्रा एक किलोमीटर चालला तर त्याच्या जेमतेम आठ-दहा कॅलरी खर्ची पडतात. म्हणजे आईच्या एका बिस्किटाची फेड करावयास बंड्याने अडीच-तीन किलोमीटर चालावे, आणि चारांची फेड करावयास पुण्यातल्या स्वारगेटपासून विद्यापीठापर्यंत जाऊन पुन्हा काही अंतर परतावे. चालणे सांध्यांसाठी, स्नायूंसाठी, पोट साफ होण्यासाठी आणि मनासाठी. वजनाचा बंदोबस्त वाडग्यापाशीच करावा लागतो.

चालवताना गळपट्ट्याऐवजी छातीभोवतीचा हार्नेस घ्यावा, कारण छोट्या जातींची श्वासनलिका नाजूक असून ओढाताणीने ती आक्रसते आणि बदकाच्या आवाजासारखा कोरडा खोकला मागे लागतो. चालता चालता मागचा एक पाय दोन पावले उचलून धरून कुत्रा पुन्हा पूर्ववत चालू लागला, तर ती लाडिक लकब समजून हसण्यावारी नेऊ नये; गुडघ्याची वाटी जागेवरून सरकण्याची ती खूण असू शकते.

आता खास आपल्या समजुतींकडे वळू. 'गोड दिले की जंत होतात', 'मीठ दिले की केस गळतात', 'कुत्र्याला तूप पचत नाही' आणि 'मांस दिले की कुत्रा खुनशी होतो' ही चार वाक्ये ज्याने ऐकली नाहीत असा मराठी श्वानपालक विरळा. जंत साखरेतून निर्माण होत नाहीत. ते पिल्लास आईच्या गर्भातून आणि दुधातून लाभतात, मातीतल्या अंड्यांतून येतात, एक प्रकारचा पट्टकृमी तर गिळलेल्या पिसवांतून येतो, आणि त्यांवर उपाय जंताचे औषध हाच. गोड वर्ज्य करावे ते वजनासाठी आणि दातांसाठी. मिठावाचून कुत्र्याचे शरीर चालत नाही. केस गळतात ते ऋतुमानाने, आणि त्याबाहेर गळले तर बहुधा पिसवा, गोचिडी, खरूज, बुरशी किंवा संप्रेरकांच्या बिघाडाने. माणसाच्या पानातले लोणचे-पापड त्याला द्यावे असा ह्याचा अर्थ नव्हे. तुपाचे म्हणाल, तर स्निग्ध पदार्थ पचवण्यात कुत्रा पटाईत असतो. धोका आहे तो सणासुदीला एकदम तळणाचा मारा झाला असता स्वादुपिंडाला सूज येण्याचा, आणि ती सूज छोट्या कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते. राहिला खुनशीपणा. तो कोंडून ठेवण्याने, मारण्याने आणि पिल्लूपणी माणसांची सवय न लावल्याने येतो. शिजवलेल्या कोंबडीच्या चार तुकड्यांत तो नसतो.

ह्याउलट ज्या दूध-पोळीला आपण निर्धोक समजतो, तिच्याविषयी मला थोडे कठोर बोलले पाहिजे. आईचे दूध तुटल्यावर बहुतेक कुत्र्यांत दुग्धशर्करा पचवणारे पाचकद्रव्य घटत जाते, आणि मग पातळ शौच, वायू, पोटात गुरगुर ही कैफियत सुरू होते. पोळी पचते, लांडग्याच्या मानाने कुत्र्यात पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती कितीतरी अधिक असतात, हे स्वीडनमधील संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिले, आणि माणसाच्या उकिरड्याशेजारी काढलेल्या सहस्रावधी वर्षांची ती खूण आहे. परंतु पचते म्हणून पुरते असे नाही. अमेरिकेतील पशुखाद्य-नियंत्रकांच्या मानकाप्रमाणे प्रौढ कुत्र्याच्या अन्नाच्या कोरड्या अंशात निदान १८ टक्के आणि वाढत्या पिल्लाच्या अन्नात २२.५ टक्के प्रथिने हवीत. गव्हाच्या पिठात ती बारा टक्क्यांच्या आसपास असतात, आणि कॅल्शियम तर नगण्यच. शाकाहारी घरात कुत्रा शाकाहारी राहू शकतो, मांजर राहू शकत नाही. पण ते काटेकोर मोजून बनवलेल्या संतुलित खाद्यावर, वरण-भाताच्या भरवशावर नव्हे. नुसता भात आणि मटण हा मांसाहारी घरातला उपायही तितकाच लंगडा, कारण त्यात स्फुरद भरपूर व कॅल्शियम तुटपुंजे. घरचेच घालायचे असेल तर पशुवैद्यांकडून प्रमाण लिहून घ्यावे. शिजवलेली हाडे मात्र कोणत्याही प्रमाणात नकोत. त्यांची सुईसारखी कुसळे होतात.

वैश्वदेवात श्वानासाठी घास काढून ठेवण्याचा आपला शिरस्ता जुना आणि सुंदर आहे, पण त्या घासात हल्ली काय असते ते पाहिले पाहिजे. सत्यनारायणाच्या शिऱ्यातले बेदाणे आणि नाशिकची द्राक्षे काही कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी करतात, आणि कोणत्या कुत्र्याला किती बाधतील ह्याचा नेम नाही. कांदा आणि लसूण, कच्चे असोत की रश्श्यात शिजलेले, रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. म्हणजे कांदेपोह्यांची उरलेली बशी खाली ठेवणे हे औदार्य नव्हे. चॉकलेट, आणि साखरविरहित च्युइंगममध्ये असणारे झायलिटॉल, ही दोन्ही विषेच. असे काही पोटात गेल्यास लक्षणांची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

उन्हाळ्यापुरता एक जुना समज उरला : अंगावरचे केस भादरले की कुत्र्याला गार वाटते. स्पिट्झचा दुपदरी कोट थंडीप्रमाणे उन्हालाही अडवतो. तो विंचरून मोकळा करावा, उतरवू नये. कुत्र्याला घाम येतो तो केवळ पंजांच्या गादीला. बाकी उष्णता त्याला मुख्यतः धापा टाकूनच बाहेर काढावी लागते, आणि २००३ सालच्या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीने घराघरांत पोचवलेल्या चपट्या नाकाच्या पगला तेही धड जमत नाही. वैशाखात फेरी सूर्योदयाच्या सुमारास आणि दिवस मावळून रस्ता निवल्यावरच काढावी. हाताची पालथी बाजू डांबरावर सात सेकंद ठेववली नाही, तर त्या डांबरावर कुत्र्याचे पाऊलही ठेवू नये.

वजनाची परीक्षा मात्र काट्यावाचूनही होते. आपला हात सपाट पसरून त्याच्या पालथ्या बाजूवरून दुसऱ्या हाताची बोटे फिरवा. तेथे हाडे जशी लागतात तशी कुत्र्याच्या बरगड्या हाताला लागल्या तर वजन योग्य. मुठीच्या पेरांसारख्या टोचल्या तर तो खंगला आहे, आणि तळव्यासारखे नुसते मऊ लागले तर घरात जबान्या घ्याव्या लागतील. बंड्याच्या बरगड्या आता लागतात. आठ महिन्यांनी तो सहा किलोंवर आला असून आईच्या चहाबरोबर त्याला रोज एका बिस्किटाचा पाव तुकडा मिळतो, आणि तो तुकडा घेताना त्याची शेपटी चार बिस्किटांच्या वेळी हलत होती तेवढीच हलते.